गच्चीवरची कारणं

होळी झाली की आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीला भाव येतो. एरवी वर्षभर ती वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकलेली असते, कुणी विचारत नाही. मार्चचं ऊन तापायला लागलं की बायका एकमेकींच्या दारात जाऊन तिची चौकशी करतात. आता पूर्वीसारखं वाळवण कुणी घालत नाही. पापड दुकानात मिळतात, कुरडया बचत गटाकडून येतात, आणि जिना चढताना गुडघे कुरकुरतात. तरी यंदा आम्ही पुन्हा वर गेलो. जुन्या साड्या अंथरल्या, कडांना दगड ठेवले आणि शालनकाकूंचे पोह्यांचे पापड आणि माझ्या कुरडया शेजारी शेजारी पडल्या.

घाटकोपरला आमच्या डोक्यावरूनच विमानं उतरतात. अंधेरीला टेकायच्या आधी ती इतकी खाली आलेली असतात की बाहेर काढलेली चाकं दिसतात, पोटावरचे दिवे दिसतात. नवखा पाहुणा मान खाली घालतो. आम्ही फक्त बोलणं थांबवतो आणि आवाज गेला की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे नेतो. गच्चीवर असलं की विमानाची सावली वाळवणावरून सरकत जाते. एका क्षणात सगळे पापड काळे होतात आणि पुन्हा पांढरे. मी इतकी वर्षं पाहतेय, अजून माझा हात तेवढ्यापुरता थबकतो.

परवा आम्ही अशाच बसलो होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे भावेशभाई फोन घेऊन वर आले. "ते विमान पुन्हा शोधणार आहेत," ते म्हणाले. "नवीन मशीन आहे म्हणे. समुद्राच्या तळाला जाणार. या वेळी कारण कळणारच." बोलून झाल्यावर त्यांना दिसलं की पलीकडे शालनकाकू बसल्यात. सगळ्यांचे हात थांबले. त्या हरवलेल्या विमानात काकूंचा मुलगा नितीन होता.

काकूंनी एक पापड उलटला. "शोधू देत," त्या म्हणाल्या. "लोकांका कारण लागता. त्या कोपऱ्यार दगड ठेव गो सुजाता, वारो सुटलो."

मी दगड ठेवला. भावेशभाई ओशाळून खाली गेले. मला मात्र तो जुना उन्हाळा आठवत राहिला, ज्या उन्हाळ्यात या गच्चीवर कारणांखेरीज दुसरं काही वाळतच नव्हतं.

ते विमान हरवलं संक्रांतीनंतर. नितीन व्यापारी बोटीवर फिटर होता. सुट्टी संपली की मुंबईहून एका परक्या शहरात उतरायचं, तिथून दुसऱ्या विमानाने बंदराच्या गावी जायचं आणि बोटीवर रुजू व्हायचं, हा त्याचा नेहमीचा शिरस्ता. दुसरं विमान सुटलं. समुद्रावर गेलं. मग कुठल्याही पडद्यावर ते दिसेना. वादळ नव्हतं, वैमानिकाने मदत मागितली नव्हती, कुणी धूर पाहिला नव्हता. ते होतं आणि नंतर नव्हतं.

काकूंची सगळी हयात समुद्राची भीती बाळगण्यात गेली होती. त्या वेंगुर्ल्याकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला, आणि मुलगा नेमका बोटीवर लागला. दर नारळी पौर्णिमेला त्या जुहूला जाऊन नारळ सोडायच्या. नितीन बोटीवर असला की त्यांची झोप सावध, विमानात बसला की मात्र त्या निर्धास्त. "इमानात बसलंय म्हणान फोन इलो की माजो जीव भांड्यात पडता," असं त्या सांगायच्या. "इमान काय, वरसून जाता. पाण्याक हात लावणा नाय." समुद्राला इतके नारळ दिले, आणि त्याने मुलगा घ्यायला बोटीची वाटही पाहिली नाही. हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं होतं, मोठ्याने कधीच नाही.

पहिले काही आठवडे शोध जोरात चालला. टीव्हीवर निळा नकाशा असायचा आणि त्यावर चौकोन आखलेले असायचे. होळी येईस्तोवर चौकोन मोठे झाले आणि बातमी लहान झाली. काकू घरात बसून भिंतीकडे बघायच्या. मीच त्यांना ओढून वर नेलं. म्हटलं, माझा चीक घाटायला हात कमी पडतायत. मी मूळची बुलढाण्याकडची. आमच्याकडे कुरडया म्हणजे गहू भिजवा, वाटा, गाळा, मग तो चीक शिजवताना एकीने पातेलं धरायचं आणि दुसरीने ढवळायचं. एकटीने करायला गेलं की गाठी होतात. काकू आल्या, पदर खोचला आणि पातेलं धरलं. वाफ तोंडावर आली तशा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते वाफेचंच आहे असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

पण गच्ची म्हणजे काही एकांत नव्हे. तिथे लोक येणार, आणि त्या उन्हाळ्यात लोक एकाच गोष्टीवर बोलत होते. माझा नवरा मिलिंद वीज कंपनीत आहे. रस्त्याखालच्या केबलमधला फॉल्ट शोधणं हे त्याचं काम. त्याची पद्धत सोपी असते: केबलचे दोन भाग करायचे, कुठल्या भागात दोष आहे ते बघायचं, मग त्या भागाचे पुन्हा दोन. असं करत करत शेवटी हातभर जागा उरते आणि तिथे खणायचं. "फॉल्ट असतोच," तो म्हणायचा. "सापडत नाही ही गोष्ट वेगळी." त्याच्या मते विमानातली वायरिंग जळाली. आधी संपर्क गेला, मग दिशा दाखवणारी यंत्रं गेली आणि ते आंधळं होऊन उडत राहिलं. सांगताना तो हातातल्या उलथन्याने हवेत तारा काढून दाखवायचा.

भावेशभाईंचं म्हणणं अगदी वेगळं. ते रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी फोनवर काय काय बघायचे आणि सकाळी वर येऊन सांगायचे. "सुजाताबेन, मी काय बोलतो, ते पळवलंय. एवढं मोठं विमान असं जातं काय? एक बेट आहे तिकडे. कुणाला माहीत नाही. धावपट्टी आहे, सगळं आहे." पुढच्या आठवड्यात बेट बदलायचं. कधी तिथे सैन्य असायचं, कधी नुसतं जंगल. आम्ही त्यांची थट्टा करायचो, 'आज कुठलं बेट, भावेशभाई?' म्हणायचो. तेही हसायचे.

शाळेतून पेपरांचे गठ्ठे घेऊन आलेली मी गच्चीवर टाकीच्या सावलीत ते तपासायची. मी भूगोल शिकवते, त्यामुळे समुद्राचे सगळे प्रश्न माझ्याकडे. किती खोल? तळाशी काय? वाहत वाहत गेलेली वस्तू कुठे निघते? मला पुस्तकातलं येत होतं, तेवढं मी सांगायची. आधी वर्गातल्या मुलांनी विचारलं होतं, "मॅडम, फोन हरवला तर मॅपवर दिसतो, मग विमान कसं नाही दिसत?" मी उत्तर शोधायला बसले आणि मीच गार पडले. किनाऱ्यापासून बरंच आत गेलं की रडार पोहोचत नाही. पाण्याखाली गेलेल्या वस्तूचा संदेश वर येत नाही, खारं पाणी तो गिळून टाकतं. म्हणजे या पृथ्वीच्या बहुतेक भागाकडे या क्षणी कुणीही पाहत नसतं. मी इतकी वर्षं नकाशावर तो निळा रंग दाखवत आले होते. 'हा हिंदी महासागर' असं म्हणून पट्टी पुढच्या जागी नेत होते. पट्टी जी जागा एका क्षणात ओलांडायची, त्या जागेत माणसं रात्रंदिवस शोधत होती आणि त्यांना काही मिळत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरातला पृथ्वीचा गोल हातात घेऊन हळूहळू फिरवला. एका बाजूने असा कोन येतो की सगळं निळंच दिसतं, जमीन फक्त कडेला, पातेल्याला लागलेल्या खरपुडीसारखी. ती बाजू आपण कधी पाहतच नाही, कारण गोल ठेवताना आपण आपला देश पुढे ठेवतो. मला भीती वाटली नाही. मी थक्क झाले. शोधणाऱ्या जहाजांना तळाशी डोंगर सापडले होते, खोल दऱ्या सापडल्या होत्या, ज्या आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या. एक विमान हरवलं म्हणून ते डोंगर माणसाला कळले. विमान नाही कळलं. जग किती मोठं आहे हे आपल्याला काहीतरी हरवल्याखेरीज समजत नाही की काय, असं तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

काकू या सगळ्या चर्चेत स्वतःचं काही बोलायच्या नाहीत. पापड लाटायच्या आणि ऐकायच्या. कुणाचं कारण सांगून झालं की एकच प्रश्न विचारायच्या: "मगे, ते उतारले असतले?" मिलिंदने वायरिंगचं सांगितलं तेव्हाही तेच विचारलं. त्याने उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पाण्यावर उतरवता येतं, काकू. नदीत वगैरे उतरवलेली आहेत." दुसऱ्या दिवशी त्याच्या कारणात थोडा फरक पडला. आता वायर जळत होती, पण वैमानिक हुशार होता. हे हळूहळू सगळ्यांचंच व्हायला लागलं. कारणं तीच, पण शेवटी विमान कुठेतरी टेकायचं. भावेशभाईंच्या बेटावर आता गोड पाण्याची विहीर होती, नारळ होते. आम्ही ज्यांना हसत होतो ते भावेशभाई किती आधीपासून हे करत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. या माणसाने पहिल्या दिवसापासून विमान कधी पाण्यात पाडलंच नव्हतं.

माणसं कारण का शोधतात, याचं मला त्या दिवसांत फार कोडं पडायचं. आपल्या डोक्यावरून रोज इतकी विमानं जातात तर भीती वाटणारच, हे एक झालं. पण नुसती भीती नव्हती ती. एखाद्याचं मूल असं नाहीसं होतं आणि त्याला काही कारणच नाही, हे कुणालाच सहन होत नव्हतं. कारण सापडलं की निदान काहीतरी हातात येतं, मग ते जळलेली वायर का असेना. आम्ही सगळे काकूंच्या हातात काहीतरी द्यायला धडपडत होतो आणि ज्याच्याकडे जे होतं ते तो देत होता. मी त्यांना समुद्राचे प्रवाह समजावून सांगितले. काय म्हणून सांगितले, देव जाणे.

वैशाख लागला. आंब्यांची पेटी घेऊन काकूंचे धाकटे दीर गावाहून आले. दिनूभाऊ. घरात शिरल्यावर त्यांनी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि कितीतरी वेळ ते तिच्या दोऱ्याच सोडत बसले. काकूंनी मला आणि मिलिंदला बोलावून घेतलं होतं, भावेशभाईही आले. दिनूभाऊंनी गावच्या देवाला कौल लावला होता. कौल म्हणजे देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"इचारलंय, आमचो झील नितीन जीवंत आसा काय," दिनूभाऊ सांगत होते. "सकाळपासून बसलंव. दीस बुडालो. एकव कळी पडाक नाय."

मिलिंद एरवी कौलाची टर उडवतो. आमच्या घरी बुद्धवंदना होते, देवाला प्रश्न विचारायची रीत नाही. पण त्या दिवशी तो पुढे सरकून ऐकत होता. देव आहे की नाही हा प्रश्न त्या वेळी मला सुचलाही नाही. एका दगडाभोवती दिवसभर माणसं बसलीत आणि दोन कळ्या जागच्या हलत नाहीत, हेच चित्र डोळ्यांपुढून जाईना.

देवाने काही सांगितलं नाही म्हणून घरच्यांनी ठरवलं होतं. किती दिवस असंच लोंबकळत ठेवायचं? पावसाच्या आधी नितीनचं करून टाकायचं. देह मिळाला नाही तर दर्भाचा माणसाएवढा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचे विधी करतात. "तुजो शबूद होयो, वयनी," दिनूभाऊ म्हणाले. "तू नाय म्हटलंस तर आमी करणव नाय." काकूंनी हो किंवा नाही न म्हणता पेटीतला एक आंबा दाबून बघितला. मग म्हणाल्या, "भटजींका येवंदे. काय काय लागता ता आयकतंय."

मला वाटलं, काकू कधीच हो म्हणणार नाहीत. एकदा पुतळा जाळला की भावेशभाईंचं बेट गेलं, विहीर गेली, हुशार वैमानिक गेला. आणि नाही म्हटलं तर जन्मभर दाराच्या घंटीला दचकून उठायचं. यातलं एक त्या बाईला निवडायचं होतं आणि तिथे आमचं कुणाचं शहाणपण चालणार नव्हतं.

भटजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. भांडुपला राहणारे, वयस्क, सौम्य गृहस्थ. आधी पाणी प्यायले, मग नितीनची जन्मवेळ, गोत्र विचारून घेतलं. तिथीचं म्हणाले, "नक्की माहीत नसली तर अमावास्या धरतात, त्याची काळजी नको."

"आणखी एक विचारायला हवं," ते दिनूभाऊंना म्हणाले. "संकल्पात मरणाचं निमित्त सांगतात. पाण्यात गेले, अग्नीत गेले, उंचावरून पडून गेले. ते अपमृत्यू. त्यासाठी आधी नारायणबळी करावा लागतो, म्हणजे जीव अडकून राहत नाही. तर निमित्त काय धरायचं?"

होळीपासून आम्ही याच एका प्रश्नाचं उत्तर देत आलो होतो. वायर, बेट, वारा, प्रवाह, सगळं तोंडपाठ होतं. आता एक माणूस समोर बसून शांतपणे विचारत होता, आणि ज्या कारणाची त्याला गरज होती ते आमच्यापैकी एकाकडेही नव्हतं. मिलिंद खिडकीच्या गजांकडे बघत होता. भावेशभाई टीपॉयवरचा पेपर पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मी काकूंच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

"वयनी?" दिनूभाऊ हळूच म्हणाले.

"नितीन निजलेलो असताना गेलो," काकू म्हणाल्या.

दिनूभाऊंना कळलं नाही. "काय म्हणतंस?"

"झोपेत गेलो, असा सांगा तेंका." काकूंचा आवाज रोजच्यासारखाच होता. "तुका ठावक नाय काय रे? लहान असताना एस्टीत बसलो की पनवेल येवच्या आदी निजायचो. कणकवलीक हलवून हलवून उठवूचो लागायचो. मोठो झालो तरी तसोच. इमान जमनीवरसून सुटला की ह्याचे डोळे मिटले. तिकडे पोचल्यार दर वेळेक फोन, 'आये, आज पण माजा जेवान चुकला.' ती बाय जेवानाची गाडी घेवन येवची आणि ह्येका निजललो बगून फुडे जावची. एकदाव ह्येना इमानात जेवान जेवलेला नाय."

"पण वयनी, येवढा इमान पडला आणि..." दिनूभाऊ म्हणाले.

"इमान कसा पडला ता हे सांगतले." काकूंनी आमच्याकडे हात केला. त्यात राग नव्हता. "तेंचो सगळो पाठ आसा. माज्या झिलाचा मी सांगतंय. तेका कायएक कळाक नाय. तो निजललो."

मी तेव्हा काकूंकडे पाहिलं. इतके महिने आम्ही विमानाचं कारण शोधत होतो आणि या बाईला विमानाशी कर्तव्यच नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की शेवटच्या घटकेला आपला मुलगा घाबरला नव्हता. ते तिने कुणाला विचारलं नाही, देवालाही नाही. तिने पस्तिशीच्या मुलाला त्याच्या बालपणापासून निजलेलं पाहिलं होतं, त्या आधारावर तिने ते ठरवलं. मोठमोठी जहाजं ज्या पाण्यापुढे हात टेकून परतली, त्या पाण्याखालून तिने आपल्यापुरतं एक कारण वर आणलं होतं. इतकी मोठी गोष्ट मी माझ्या आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

भटजींनी खांद्यावरचं उपरणं सरळ केलं. मग म्हणाले, "झोपेत शांतपणे गेलेल्याला नारायणबळी लागत नाही. मग साधंच करू. दर्भ मी घेऊन येतो."

"बरा," काकू म्हणाल्या. हा त्यांचा होकार होता, हे आम्हाला जरा उशिराच कळलं. त्या उठल्या, आत जायला निघाल्या आणि दारातून पुन्हा मागे वळल्या.

"एक करा, भटजीनू. तो पुतळो उताणो ठेवू नकात. कुशीर ठेवा. उताणो तेका झोप येना नाय."